टॅक्स चुकवायचाय? मग आधी कुंपण घाला

टॅक्सची नोटीस आली म्हणून डोक्याला हात लावून बसू नका राव. सीएकडे पळायच्या आधी कॅलिफोर्नियाच्या सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून जरा शिकून घ्या. लेलँड स्टॅनफर्ड आणि मंडळींची कंपनी ही, त्यांनी १८८६ मध्येच सगळं करून दाखवलंय.

आधी मालमत्ता भरपूर गहाण टाकून ठेवा. तिथल्या १८७९ च्या राज्यघटनेत असं होतं की साध्या माणसाची जमीन गहाण असेल तर कर्ज वजा करून उरलेल्या किमतीवर टॅक्स, रेल्वेला मात्र ही सूट नाही, पूर्ण किमतीवर भरा. झालं, रेल्वेचं मन दुखावलं! आम्ही काय माणसं नाही का? हसू नका, हे खरंच कोर्टात विचारलं. अमेरिकेची १४ वी घटनादुरुस्ती, १८६८ ची, गुलामगिरीतून सुटलेल्यांना कायद्याचं समान संरक्षण मिळावं म्हणून केलेली, तिच्यात 'व्यक्ती' असा शब्द आहे, तर रेल्वेने खुशाल त्यावर रुमाल टाकून जागा धरली.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश वेट सुरुवातीलाच म्हणाले, यावर युक्तिवाद नको, ती दुरुस्ती कंपन्यांना लागू आहे असंच आमचं सगळ्यांचं मत. आणि न्यायमूर्ती हार्लन यांच्या निकालात? त्या मुद्द्याला हातच नाही! केस सुटली कुंपणावर. रेल्वेच्या आणि शेजाऱ्यांच्या जमिनीच्या हद्दीवरचं कुंपण राज्याच्या कर आकारणाऱ्या बोर्डाने रेल्वेमार्गाच्या किमतीत धरलं, ते काम खरं काउंटीचं (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं), आणि आता एकूण रकमेतून कुंपण वेगळं काढता येईना म्हणून अख्खी आकारणीच रद्द. आपल्याकडे कुंपण शेत खातं, तिकडे टॅक्स खाल्ला.

पण निकालाच्या वरचा सारांश कोण लिहितंय तेही बघून ठेवा. कोर्टाचे निकाल छापणारे रिपोर्टर बॅनक्रॉफ्ट डेव्हिस, हे पूर्वी एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते (योगायोग हो, योगायोग), त्यांनी वेटना पत्र पाठवून सुरुवातीचं ते बोलणं मी नीट टिपलंय का असं विचारलं, वेट म्हणाले, छापायचं का ते तुम्हीच ठरवा, घटनेचा प्रश्न तर आम्ही टाळलाय. त्यांनी छापलं. मग पुढे कंपनी म्हणजे व्यक्ती म्हणायला दाखला कशाचा, तर ह्याच केसचा.

एक मात्र सांभाळा. १८९२ मध्ये कायद्याने काळा ठरलेला होमर प्लेसी लुईझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला, १८९६ मध्ये त्यानेही हीच दुरुस्ती पुढे केली, त्याच कोर्टात ७ विरुद्ध १ ने हरला. बरोबरच आहे, गाडीत बसत असतात का, आख्खी रेल्वेच व्हायचं ना.