बसतं आपोआप

पावसाळ्यात द्राक्षबागेत दोन गोष्टी जोमाने वाढतात, गवत आणि सल्ले. सल्ल्यांवर तणनाशक निघालेलं नाही. गवतावर आहे, पण खोडाच्या बुडाशी ते मारायला माझा हात धजावत नाही. दोन ओळींमधल्या नऊ फुटांतलं गवत रोटर मारला की संपतं. खरी कटकट बोदावरची, खोडाखोडांच्या मधली. तिथे केना, लव्हाळा आणि हराळी गुण्यागोविंदाने नांदतात. खुरपणीला बायका मिळत नाहीत, असं आमच्या निफाड तालुक्यात जो तो सांगतो, आणि तरी रोज सकाळी बायकांनी भरलेल्या पिकअप रस्त्याने जातच असतात. कुठे जातात, देव जाणे.

म्हणून बोदावरचं गवत काढणारं यंत्र घेतलं. त्याचं पातं हायड्रोलिक मोटरवर फिरतं आणि पुढच्या दांडीला खोड लागलं की आपोआप आत सरकतं. यंत्र झकास. फक्त मोटरला मिनिटाला २५ लिटर तेल लागतं, तेही सतत. माझा ट्रॅक्टर १८ एचपीचा, बागेतला. त्याच्या पोटातलं हायड्रोलिक अवजार उचलण्यापुरतं; उचललं की त्याची ड्युटी संपली. तेव्हा मागे पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवायला ट्रॅक्टरच्या पाठीमागे निघालेल्या शाफ्टवर, वेगळा गिअर पंप बसवणं आलं.

“त्यात काय भाऊ,” आमचे वेल्डिंगवाले मिस्त्री म्हणाले, “दोन शाफ्ट समोरासमोर आणायचे, मध्ये कपलिंग घालायचं. चहा होईस्तोवर पंप फिरतो.”

चहा पुष्कळ झाले.

पहिली अडचण हिशोबाची. १६ सीसीचा पंप एका फेऱ्यात १६ मिलिलिटर तेल ढकलतो. पीटीओचे मिनिटाला फेरे ५४०. गुणाकार साडेआठ लिटरच्या जरासा वर जातो, म्हणजे मोटरची तहान तिसरा हिस्साच भागते. मग पीटीओवर १२ इंची पुली, वर ४ इंची पुली आणि दोन पट्टे. फेरे १६२०, तेल जवळपास २६ लिटर. हे मी कागदावर मांडत असताना शेजारचे नाना येऊन उभे राहिले. नानांना कुठल्याही कामाचा वास लागतो. १०० बार दाबाला पंप एकटाच सहाएक एचपी खाईल, हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे सहा गवताला. उरलेल्या बारात तो चिखलातून ट्रॅक्टर ओढणार, का आपण ट्रॅक्टरला ओढायचं?”

पंप घ्यायला मिस्त्री आणि नानांना घेऊन नाशिकला गेलो. अंबडच्या दुकानात काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, “राइट का लेफ्ट?”

गिअर पंप एकाच दिशेने फिरायचा असतो. पीटीओ मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. मिस्त्री म्हणाले, “राइट द्या.” पण आमच्या मांडणीत पंपाचं तोंड ट्रॅक्टरकडे, आणि पंपाची दिशा त्याच्या शाफ्टकडून बघून ठरवतात. ट्रॅक्टरच्या बाजूने पंपाकडे बघितलं की तेच फिरणं उलटं दिसतं. म्हणून लेफ्ट. हे पटवायला मी दुकानात मिस्त्रींना पंप केलं आणि स्वतः ट्रॅक्टर झालो. दोघांनी समोरासमोर उभं राहून हात गोल फिरवले. नानांनी प्रदक्षिणेचा दाखला काढला, पण प्रदक्षिणा देव बघतो की भक्त, यावर तेच अडले. मागे एक गिऱ्हाईक सील किट घ्यायला आलं होतं, त्याने मोबाइलवर आमचा व्हिडिओ घेतला.

“नाहीच जमलं तर पाइपांची अदलाबदल करू,” मिस्त्री म्हणाले. तिथे मात्र त्या पोराने मान वर केली. शाफ्टच्या ऑइल सीलमागची जागा सक्शनला, म्हणजे तेल ओढून घेणाऱ्या बाजूला, जोडलेली असते. पंप उलटा फिरवला की तिथेच दाब येतो, सील बाहेर आणि मागोमाग तेलाची पिचकारी. एवढं सांगून त्याने मान पुन्हा खाली घातली. लेफ्ट घेतला.

दुसरी अडचण पुलीची. पट्टा शाफ्टला आडवा ओढतो आणि गिअर पंपाला आडवी ओढ सोसत नाही. म्हणून पुलीसाठी वेगळा शाफ्ट, त्याला दोन बेअरिंगं, आणि त्या शाफ्टच्या टोकाला जबड्याचं कपलिंग लावून पुढे पंप. मिस्त्रींना हे सगळं लाड वाटत होते. त्यांचं म्हणणं पुली थेट पंपावर ठोकू. कपलिंगही ठोकायचं होतं त्यांना. पंपाच्या शाफ्टवर हातोडा पडला की आतले गिअर मागच्या प्लेटवर आदळतात, हे सांगून मी कपलिंग हातात घट्ट धरून बसलो. मिस्त्रींच्या पेटीत पाने तीन आहेत आणि हातोड्या पाच, त्यामुळे सोडवत नव्हतं. शेवटी लेथवाल्याकडून भोक पुन्हा घासून आणलं आणि कपलिंग अंगठ्याच्या जोरावर सरकत गेलं. मिस्त्री नाराज झाले.

मग आलं अलाइनमेंट. दोन शाफ्ट एका रेषेत हवेत, आणि एका रेषेत म्हणजे डोळ्यांनी दिसतात तसे नव्हे. स्टीलची पट्टी कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर आडवी टेकवायची, मागे बॅटरी धरायची आणि फटीतून उजेड येतो का बघायचं. वरून बघायचं, बाजूने बघायचं, पाव फेरा देऊन पुन्हा बघायचं. वरून उजेड बंद झाला की बाजूने यायचा. पंपाखाली बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे सारले. वरचं जुळलं. बोल्ट आवळला, पंप तिरका. बोल्ट सैल केला, पंप सरळ! सैल बोल्टावर पंप चालला असता तर जगात आमच्याइतकी सरळ रेषा कुणाची नव्हती.

“मध्ये रबर आहे ना भाऊ,” मिस्त्री म्हणाले. “थोडं वाकडं असू द्या. चालवल्यावर बसतं आपोआप.”

मिस्त्रींच्या आयुष्याचं हे तत्त्वज्ञान आहे. त्यांनी बसवलेली गावातली निम्मी गेटं या भरवशावर उभी आहेत आणि उघडताना दोन माणसं लागतात. कपलिंगमधलं रबर धक्का सोसायला असतं, आपला वाकडेपणा झाकायला नसतं. वाकडं चालवलं तर ते रबर काळ्या चुऱ्याच्या रूपाने खाली गळतं आणि मग बेअरिंगांची पाळी येते.

पट्टी खाली टेकवली तेव्हा खरा चोर सापडला. पंपाखालची बैठकीची प्लेट मिस्त्रींनी एका दमात सलग वेल्डिंग मारून केली होती, आणि तापलेली प्लेट निवताना वेल्डिंगच्या अंगाला वाकली होती. नवीन प्लेट घेतली. या वेळी आधी टाके, मग एकदा इकडे एकदा तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. गार होईपर्यंत मिस्त्रींनी करायचं काय, हा प्रश्न होता. नानांनी त्यांना द्राक्षाच्या भावावर बोलतं केलं आणि प्लेट पार थंड झाली. पंपाची भोकं लांबट ठेवली, दोन्ही शाफ्टच्या टोकांमध्ये जरा फट सोडली, आणि पट्टीमागून उजेड यायचा चारी बाजूंनी थांबला.

सगळी प्लेट ट्रॅक्टरला वेल्ड करून टाकायचा मिस्त्रींचा बेत मी हाणून पाडला. टाकी, शाफ्ट, पंप सगळं एका प्लेटवर आणि ती प्लेट मागे चार बोल्टांवर. बोल्ट काढले की संसार एकत्र उतरतो, कपलिंगला हात लावावा लागत नाही. टाकी पंपाच्या वर, सक्शनचा पाइप एक इंची, तारेचा. पंपात आधी तेल ओतलं, हाताने पुली फिरवली.

चालू करायच्या वेळी निम्मी वस्ती गोळा झाली. कुणी टाकीवर टिचकी मारून बघितली, कुणी पट्टा ढिला आहे म्हणालं, कुणी घट्ट. कमी थ्रॉटलवर पीटीओ टाकला. पंप आधी गोट्या हलवल्यासारखा खडखडला, कारण पाइपात हवा होती. मग टाकीत फेस आला, जिरला, आणि सूर लागला. मोटर फिरली. पहिल्या ओळीत पात्याने लव्हाळा मुळासकट भिरकावला. खोड आलं, दांडी टेकली, पातं आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, “बसलं का नाही आपोआप?”

दुसरी ओळ अर्धी झाली नाही तोच पुतण्या बांधावरून ओरडत आला. “काका, आभाळ भरलंय. डाऊनीचा स्प्रे आत्ताच घ्यायला लागेल. ब्लोअर कुठं जोडू?”

डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आणि त्याचं औषध फवारणारा ब्लोअर पीटीओवरच चालतो. चार बोल्ट पटापट निघाले, पट्टे निघाले. उरलं उचलणं. तेलाने भरलेली टाकी, लोखंडी प्लेट, पंप, पुली. मी मागे वळून पाहिलं तर वस्तीला एकदम घरची कामं आठवली होती. मिस्त्रींची मोटरसायकल तर बांधापलीकडे पोचली होती. मी आणि पुतण्याने दोन टोकं धरली. नाना तेवढे जागचे हलले नव्हते. हात पाठीमागे बांधून ते म्हणाले, “सावकाश. आधी राइटला घ्या.”

“नाना,” पुतण्याने कण्हत विचारलं, “कुणाच्या राइटला?”