डुकराची जखम आणि दिग्याचं हेल्मेट

"डुकरांना जखमा करायच्या, त्यात जंतू सोडायचे आणि याला म्हणे संशोधन!" दिग्याने आल्या आल्या तोंड सोडलं. बातमी वाचली होती म्हणे. मथळ्याच्या पुढे हा माणूस आजवर गेलेला नाही.

"उंदीर होते की," बंडूने री ओढली.

"उंदराची जखम भरत नाही रे, आवळली जाते," शिल्पा म्हणाली. "कातडी सैल, कडा ओढल्या की झालं. आपल्याला खालून मांस, वरून नवी कातडी धरावी लागते. डुकराचंही तसंच. आणि सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार, त्याचे उंदीर केले, तर त्यांच्या फुप्फुसांना काही होईना. 2008 मध्ये तशी डुकरं जाहीर झाली, पुढे त्यांच्या फुप्फुसांत जंतूंनी ठाण मांडलं."

"म्हणजे माणूस डुक्करच!"

"सगळी नाहीत. हेल्मेट नेऊन वर्षभर परत न देणारी, तेवढीच."

दिग्या लाल झाला. "बरं, मग अँटिबायोटिक दणकून द्या, विषय संपला!" (सर्दीलाही याचा हाच उपाय.)

"बायोफिल्ममधले, म्हणजे थर करून चिकटलेले जंतू स्वतःच्या चिकट गिलाव्यात दडून बसतात, वाढ मंद. वाढणाऱ्याला मारणारं औषध निजलेल्याचं काय वाकडं करणार? 2014 मध्ये डुकरांच्या भाजलेल्या जखमांत असे जंतू वसवून पाहिले. जखम वरून मिटलेली, पण कातडीतून पाणी निसटतच होतं. डोळ्याने बघून 'बरी झाली' म्हणणारा डॉक्टर तिथे फसला असता."

एवढा वेळ गप्प असलेले नाना म्हणाले, "पण पोरी, ते डुक्कर तरणंताठं ना? पायाची जखम वर्षभर घेऊन बसतो तो सत्तरीतला मधुमेही."

"नाना, गोची तिथंच आहे. पैलवानाला ठेच लावायची आणि आजोबांच्या पायाचं औषध शोधायचं, असं चाललंय बरेचदा. त्याची जखम काही आठवड्यांत आपसूक भरते, मग औषधाला कशाचं श्रेय द्यायचं?"

"मग म्हातारं, साखरवालं डुक्कर आणा!" दिग्याला वाटलं, जिंकला.

"सांभाळणार कोण? साधं डुक्कर सहा महिन्यांत 100 किलोच्या घरात जातं. म्हणून तर जर्मनीतल्या गटिंगनची बुटकी जात काढली."

"दिग्याकडे ठेवा," बंडू म्हणाला. "त्याच्याकडे गेलेलं काही परत येत नाही."

नानासुद्धा खो खो हसले. दिग्या उद्या हेल्मेट आणतो म्हणाला. बघू.