हजार रुपयांची पेन्शन आणि विश्वस्तांची खुर्ची

महाराष्ट्रात पेन्शनची चर्चा निघाली की ती सरकारी कर्मचाऱ्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. मार्च २०२३ च्या संपातली 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा इथे ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये आमच्या मोबाइलवरही रोज येत होती. ती मागणी रास्त की अवाजवी, यावर नातेवाइकांत अजून वाद होतात. साखर कारखान्यातून, एसटीतून, सूतगिरणीतून, खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांबद्दल मात्र कुणी वादही घालत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत दहा वर्षांच्या सेवेवर महिना किमान १०,००० रुपयांची हमी आहे. कंपन्यांतल्या निवृत्तांच्या, भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या ईपीएस-९५ पेन्शन योजनेत किमान रक्कम १,००० रुपये. ती १ सप्टेंबर २०१४ ला ठरली आणि दहा वर्षं उलटून गेली तरी तेवढीच राहिली. महागाई भत्ता नाही.

हिशेब साधा आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही मोठा असो, २००१ ते २०१४ या काळात बहुतेकांसाठी तो ६,५०० रुपयेच धरला जाई. पंधरा वर्षांच्या सेवेवर हे १,३९३ रुपये होतात. योजना १९९५ ची, त्यामुळे आधीच्या नोकरीचे थोडेफार त्यात मिळतात, इतकंच. माझे एक काका साखर कारखान्यात फिटर होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तर लोखंड हाताळून झिजलेले त्यांचे अंगठे मशीनवर उमटत नसत. पुन्हा पुसून, पुन्हा दाबून, शेवटी दुसरं बोट. काकू शेजारी पासबुक घेऊन उभी. एवढं करून जमा व्हायची ती रक्कम दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांनाही पुरत नव्हती.

"तुमच्याकडे काय, सरकार सगळं देतं," असं गावाकडून नेहमी ऐकायला मिळतं. ते खरं नाही. १९९१ मध्ये मिरर वृत्तपत्रसमूहाचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल मेला तेव्हा त्याने समूहाच्या पेन्शन फंडातून कोट्यवधी पौंड काढून घेतल्याचं उघड झालं. २००२ मध्ये इथला, कार्डिफचा, अलाइड स्टील अँड वायर हा पोलाद कारखाना बुडाला आणि आयुष्यभर पगारातून पैसे भरलेल्या कामगारांची पेन्शन त्याच्याबरोबर बुडाली. हे लोक घरी बसले नाहीत. मोर्चे काढले, खासदारांना गाठलं, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत नेलं आणि २००७ मध्ये तिथे निकाल लागला, की ब्रिटनने कामगारांना पुरेसं संरक्षण दिलेलं नाही. त्यांच्यासारख्यांच्या दबावामुळेच २००५ मध्ये पेन्शन संरक्षण निधी उभा राहिला. कंपनी बुडाली तर आता तो निधी पेन्शन देतो.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो विश्वस्तांचा नियम. इथल्या कंपनी पेन्शन फंडाच्या विश्वस्तांपैकी किमान एक तृतीयांश सभासदांनी निवडलेले असावे लागतात आणि त्या निवडीत निवृत्तांनाही स्थान असतं. शिवाय १९९७ नंतरच्या सेवेवरची, पगार आणि सेवेवरून ठरणारी पेन्शन महागाईप्रमाणे, एका मर्यादेपर्यंत, वाढवावीच लागते. नव्या पिढीला खासगी क्षेत्रात अशी पेन्शन आता क्वचितच मिळते, हेही सांगायला हवं. इथलं सरकार म्हातारपणी देतं त्या पेन्शनमध्येही अन्याय आहेच. इथे जन्मभर कर भरून कुणी पुण्याला परतलं की त्याची ब्रिटिश पेन्शन त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते, पुढची वाढ मिळत नाही. तोच माणूस स्पेनला गेला असता तर मिळाली असती.

आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळात मालकांचे दहा, कामगारांचे दहा, शिवाय केंद्र आणि राज्यांचे प्रतिनिधी. पेन्शनरांसाठी कायद्यात एकही वेगळी जागा नाही. ज्यांच्या ताटात काय पडणार हे ठरतं, ते पंगतीबाहेर. म्हणून बुलढाण्यात २०१८ पासून म्हाताऱ्या माणसांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. त्यांची मागणी ७,५०० रुपये, महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत उपचार अशी. राज्यसभेच्या कोश्यारी समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० ची शिफारस केली होती.

फंडाला हे झेपणार नाही, असं उत्तर येतं. एकट्या फंडावर टाकलं तर झेपणार नाही, मान्य. पण मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के जातात आणि सरकार घालतं १.१६ टक्के. तो १.१६ चा आकडा वाढू शकतो, तो केंद्र सरकारच्या हातात आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या १०,००० साठी पैसा उभा राहतो तर उसाच्या गव्हाणीपाशी तीस वर्षं घालवलेल्यासाठीही राहू शकतो.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार आहेत. त्यांनी विश्वस्त मंडळात पेन्शनरांच्या जागांसाठी कायद्यात दुरुस्ती मागावी आणि किमान पेन्शन महागाई निर्देशांकाला जोडायला लावावी. पहिल्या मागणीला तर सरकारचा एक रुपयाही लागत नाही.