पिंक डेविड

इंग्लिश गुलाबांच्या माहितीपत्रकात जवळजवळ प्रत्येक झाडाखाली लिहिलेलं असतं, 'पूर्ण ऊन, दिवसाला किमान चार तास.' हे गुलाब डेव्हिड ऑस्टिन यांनी इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यात, अल्ब्रायटन या गावी तयार केले. तिकडे ऊन पडलं की माणसं हातातली कामं टाकून बाहेर पडत असावीत. नागपुरात ऊन पडलं की माणसं हातातली कामं टाकून घरात शिरतात, कूलरमध्ये पाणी भरतात आणि थेट संध्याकाळी एकमेकांना ओळख देतात. मे महिन्यात आमचे 'किमान चार तास' सकाळी साडेनऊलाच भरतात. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत वरून जे काही पडत राहतं, त्याला ऊन म्हणणं हा अल्ब्रायटनचा भाबडेपणा आहे.

तरी मला गुलाबी इंग्लिश गुलाबच हवा होता. वाटीच्या आकाराचं फूल, आत पाकळ्यांची इतकी दाटी की मधमाशीलाही आत कसं जायचं ते कोणाला तरी विचारावं लागेल, आणि वास असा की दुपारच्या झोपेतून माणूस उठून बसावा. कारण विचाराल तर माझी पुण्याची ताई. तिच्या कोथरूडच्या बाल्कनीत असं झाड आहे. रोज सकाळी ती फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो टाकते आणि खाली लिहिते, 'इतकं काही करावं लागत नाही गं याला.' हे 'गं' माझ्यासाठी असतं.

तर निवड करायची होती. नवऱ्याने लगेच एक्सेलची शीट उघडली. तो कोथिंबीर आणायला जातानाही मनातल्या मनात शीट उघडत असावा असा मला संशय आहे. पहिला रकाना होता रंगाचा. माहितीपत्रकात फिकट गुलाबी होता, शिंपल्याच्या आतला गुलाबी होता, चमकता गुलाबी होता आणि जर्दाळूची झाक असलेला गुलाबी होता. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या आणि साडीच्या दुकानात चाळीस वर्षं घालवलेल्या बाईच्या अधिकाराने एकेक फोटो निकालात काढू लागल्या. "हा अबोली आहे. हा गुलबक्षी. हा सरळसरळ राणी. आणि हा तर कांद्याच्या सालीचा, याला गुलाबी कोण म्हणतं?" सगळं माहितीपत्रक संपलं तरी त्यांच्या मते त्यात गुलाबी असा एकही गुलाब नव्हता.

गंमत म्हणजे तो रकाना तसाही निकामीच होता. पाकळीला लाल-गुलाबी रंग देणारं अँथोसायनिन हे द्रव्य थंडीत जास्त बनतं आणि उन्हाळ्यात कमी. त्यामुळे एकच झाड डिसेंबरात, पारा १० अंशांवर असताना, सासूबाईंचा राणी रंग दाखवतं, फेब्रुवारीत बेबी पिंक होतं आणि एप्रिलअखेर धुऊन धुऊन विटलेल्या रुमालाच्या रंगावर येतं. शिवाय फूल लहान होतं, पाकळ्या कमी भरतात आणि सकाळची कळी दुपारपर्यंत उलगडून मोकळीही होते. म्हणजे नागपुरात गुलाबाची छटा निवडायची नसते, महिना निवडायचा असतो. नवऱ्याने रकाना पुसला नाही, फक्त त्याचं शीर्षक बदलून 'रंग (जानेवारी)' केलं.

मग नावं. ती बाबा, म्हणजे माझे सासरे, मोठ्याने वाचत होते. पहिलंच मेरी रोझ. आठव्या हेन्रीचं हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं, १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं आणि पुढच्याच वर्षी त्याचं नाव या गुलाबाला दिलं. गुलाब उत्तम, पण "बुडालेल्या जहाजाचं झाड दारात नको," असं सासूबाई म्हणाल्या आणि त्या विषयावर पुढे चर्चा झाली नाही. कॉन्स्टन्स स्प्राय हा ऑस्टिन यांचा पहिला गुलाब, १९६१चा, वेड लावील असा देखणा. पण तो वर्षातून एकदाच फुलतो. "एकदाच? दिवाळीचा बोनस आहे का तो?" गेला. गर्ट्रूड जेकिल हे एका नामवंत उद्यानरचनाकार बाईंचं नाव. हे बाबांनी जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा वेगळं वाचलं. वास म्हणाल तर याचाच, पण गरम हवेत हा काटेरी दांडे उंच उंच सोडतो आणि फुलांच्या बाबतीत हात आखडता घेतो, असं सगळे बागवाले सांगतात. हेरिटेजला काटे कमी, म्हणून नातीसाठी बरा. मात्र त्याच्या पाकळ्या बघता बघता गळतात. रोज सकाळी अंगण झाडणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, तो परवडणारा नव्हता.

शरीफा अस्मा या नावावर नवरा अडून बसला. अरबी नाव आहे, म्हणजे उन्हाची सवय असणार, असा त्याचा तर्क. इंजिनिअर माणूस आहे, पण घरी आला की तर्क बाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो. ती इतकी नाजूक फिकट गुलाबी की आमच्याकडे दुपारच्या जेवणापर्यंत तिच्या पाकळ्यांच्या कडा पापडाच्या रंगाच्या होतील, हे मी त्याला सांगून पाहिलं.

बाबांना आवडला सेंट स्विदन. कारण हा संत पावसाचा. १५ जुलैला त्याच्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडत राहतो, अशी इंग्लंडात समजूत आहे. "म्हणजे आपल्या नक्षत्रासारखंच झालं," बाबा खूश झाले. "याचं वाहन काय? बेडूक की म्हैस?" वाहन माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं. सुगंधाच्या जागी मात्र लिहिलं होतं, हिराबोळ. हे ऐकून सासूबाईंनी मान वर केली. हिराबोळाचा वास म्हणजे बाळंतिणीची खोली, शेगडी आणि धुरी. असलं झाड दारात लावलं तर शेजारीपाजारी काय समजतील? नवऱ्याने घाईने खुलासा केला की गुलाबात ज्याला हिराबोळ म्हणतात तो प्रत्यक्षात बडीशेपेसारखा वास असतो. "मग बडीशेप आण की किराण्यातून," सासूबाई म्हणाल्या, "पाव किलो."

माझा कल अब्राहम डार्बीकडे होता, तोही नावामुळेच. श्रॉपशरमधल्याच कोलब्रुकडेलला १७०९ साली दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळणारा हा भट्टीवाला. ज्याचं आयुष्य भट्टीपुढे गेलं त्याला नागपूर काय करणार? (चपलांशेजारचा तर्क अधूनमधून मीही घालते.) योगायोगाने हा १९८५चा गुलाब उष्ण प्रदेशात चालतोही चांगला. अडचण एवढीच की तो गुलाबी आणि जर्दाळू यांच्या मधला, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत अबोली. आणि जो निर्धास्त घ्यावा तो म्हणजे २०१४चा ऑलिव्हिया रोझ ऑस्टिन, रोग कमी येणारा, भरभर पुन्हा फुलणारा. पण शीटमध्ये सगळ्यात जास्त गुण पडलेल्या गोष्टीबद्दल मला आजवर कधी प्रेम वाटलेलं नाही.

"इंग्रजांच्या झाडासाठी काय करून राहिली तू एवढं," बाबा म्हणाले. मी त्यांना सांगितलं की यातलं इंग्रजांचं थोडंच आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षाला एकदाच फुलणारे. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण तिकडे गेला तो चिनी गुलाबांबरोबर, १८व्या शतकाच्या अखेरीस. ही रोपं कलकत्त्यामार्गे जात, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचा गुलाब म्हणू लागले. त्यातला पार्सन्स पिंक चायना तर चक्क गुलाबी. ऑस्टिन यांनी केलं ते एवढंच की जुन्यांचं रूप आणि वास घेतला आणि नव्यांकडून बारमाही फुलणं घेतलं. बाबा हे ऐकून एकदम ताठ बसले. "म्हणजे आपल्या दारावरून नेलं आणि आता आपल्यालाच विकून राहिले!" ही बातमी त्यांनी संध्याकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना दिली. कोडाईकनालला विरू आणि गिरिजा वीरराघवन हे दांपत्य आपल्याकडच्या क्लिनोफायला या रानगुलाबापासून उष्ण हवेचे गुलाब तयार करत आलं आहे, हेही मी सांगितलं. "मग तेच घे ना," बाबा म्हणाले. बरोबरच होतं. पण कोथरूडला उत्तर द्यायचं होतं.

इतकी तयारी करून मी नर्सरीत गेले आणि विचारलं, ऑस्टिनचे गुलाब आहेत का.

"डेविड? हाये ना जी मॅडम. पिंक डेविड हाये, येलो डेविड हाये, क्रीम डेविड हाये."

"पिंकमध्ये कोणता? जात कोणती?"

"डेविड."

"अहो, त्याचं पुढचं नाव असेल ना काही? अब्राहम डार्बी, हेरिटेज..."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "गुलाबाले नाव कायले पाह्यजे जी? फूल पहा ना!"

फूल नव्हतं. काळ्या पिशवीत वीतभर काडी होती, तिच्यावर सात पानं होती आणि डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागी प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. त्या पट्टीच्या खालून खुंटाचाच, म्हणजे कलमाखालच्या मूळ झाडाचाच, एक जोमदार फुटवा वर येत होता. तो त्याने माझ्यादेखत नखाने मोडून टाकला आणि जणू काही झालंच नाही असा चेहरा केला. एक्सेलचे चौदा रकाने पर्समध्ये घडी करून ठेवले आणि मी तो पिंक डेविड घरी आणला.

आता जागा. आमच्याकडे 'पूर्ण ऊन' याचा अर्थ पूर्वेकडची भिंत, जिथे सकाळचं ऊन लागतं आणि अकरानंतर कडुनिंबाची सावली येते. काळी माती नागपूरची, पाणी मिळालं की फुगते आणि सुकली की तिला अशा भेगा पडतात की त्यात चमचा हरवतो. म्हणून मुरूम, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून उंच वाफा केला. पिशवी ताबडतोब काढली, कारण काळ्या प्लास्टिकमध्ये मुळं शिजतात. एप्रिलमध्ये वर हिरवी शेडनेट बांधली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "मंडप कायचा? लग्न ठरलं का कोणाचं?" नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला तेव्हा आमच्या घरात दोनच जीवांना दिवसातून दोनदा आंघोळ होती, एक बाबा आणि दुसरा डेविड. त्याला पानांच्या खालच्या बाजूने जोराने पाणी मारावं लागे, नाहीतर लाल कोळी जाळी विणून संसार मांडतात. या दिवसांत आलेल्या कळ्या मी खुडून टाकत होते. उन्हाळ्यात झाडाला जगू द्यायचं, फुलवायचं नाही, हे इथलं शहाणपण.

मग पाऊस आला आणि पानांवर काळे ठिपके आले. पानं पिवळी पडून गळाली. सप्टेंबरात दारात फक्त काटे उभे होते, आणि ताईच्या फोटोखाली 'गं' चालूच होतं.

ऑक्टोबरात छाटणी केली आणि डेविडने मनावर घेतलं. माहितीपत्रकातले इंग्लिश गुलाब चार फुटांचे असतात, कारण तिकडचा हिवाळा त्यांना झोपवतो. इथे झोपवणारं कोणी नाही. एक दांडा सरळ कंपाउंडबाहेर गेला आणि त्याने स्कूल व्हॅनला सोडायला आलेल्या एका बाईंची ओढणी धरली. माळ्याने लांब दांडे आडवे वाकवून ग्रिलला बांधून टाकले. आडव्या दांड्याला डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि प्रत्येकाला फूल लागतं. डिसेंबरात तसंच झालं. फुलं मात्र इतकी जड की सगळ्यांच्या माना खाली. शेजारच्या काकूंना वाटलं झाडाने मान टाकली, म्हणून मी घरात नसताना त्यांनी माणुसकीने बादलीभर पाणी ओतलं.

हे कोणतं झाड आहे, यावर घरात एकमत नाही. बाबा वाकून वास घेतात आणि बडीशेप येते, म्हणजे सेंट स्विदनच, असं सांगतात. नवऱ्याला ती शरीफा अस्मा वाटते. मी ऊन कलल्यावर एका विशिष्ट कोनातून पाहते, तेव्हा पाकळ्यांच्या मुळाशी स्पष्ट जर्दाळू झाक दिसते. सासूबाईंच्या मते हा राणी रंग आहे आणि बाकीच्या वादाला अर्थ नाही. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा ताईने विचारलं, "व्हरायटी कोणती गं?" मी लिहिलं, "इतकं काही नाव नाही गं याला."

परवा नर्सरीवाला शेणखताची पोती टाकायला आला होता. पोतं खांद्यावरच ठेवून तो ग्रिलजवळ थांबला, एक फूल हनुवटीला धरल्यासारखं वर उचलून पाहिलं आणि बराच वेळ बोललाच नाही.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "याची एक काडी द्या ना जी. हे आपल्यापाशी नाही. कोणतं हाये हे?"