झोपायलाच तर जायचंय ना!

"अगं, रात्री झोपायलाच तर जायचंय, त्यासाठी व्हेनिसमध्ये एवढे पैसे कोण घालतं?" सकाळी चुलतभावाचा व्हॉइस मेसेज. मे महिन्यात काका-काकूंना घेऊन चाललाय. हॉटेल घेतलंय मेस्त्रेला, आणि वर मलाच शहाणपण शिकवतोय. दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही बसवत.

मेस्त्रे म्हणजे पाण्याच्या अलीकडचं, जमिनीवरचं शहर. रस्ते, गाड्या, सिग्नल. तिथून ट्रेन दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनात सोडते. स्वस्त आहे, मान्य. बांगलादेशी दुकानांत डाळ-तांदूळ मिळतात, तेही मान्य. 2024 पासून व्हेनिसमध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांना ठरावीक तारखांना जी प्रवेश फी लावतात, ती मेस्त्रेत मुक्काम असला तरी माफ असते, कारण महापालिका एकच. बास. याच्यापुढे एक शब्द मान्य करणार नाही.

मी आईला घेऊन गेले तेव्हा आम्ही व्हेनिसमध्येच, दोर्सोदुरो भागात राहिलो, सान बार्नाबाच्या चौकाजवळ. घरगुती गेस्टहाऊस, खोली एवढीशी की बॅग उघडली की दार उघडेना. पहिल्याच सकाळी उठते तर आई गायब! धावत खाली गेले. तिथे कालव्यात पुलाशेजारी भाजी-फळांची नाव बांधलेली असते. आई काठावर वाकून चेरी निवडत होती, एकेक दाबून. इटलीत गिऱ्हाइकाने मालाला हात लावलेला चालत नाही. तो भाजीवाला बिचारा "नो, सिन्योरा, नो" करतोय आणि ही त्याला शुद्ध मराठीत सांगतेय, "अहो, दबलेल्या नकोत, प्रवासात टिकायला हव्यात." शेवटी त्यानेच पिशवी भरली आणि वर मूठभर जास्तीच्या टाकल्या. मेस्त्रेच्या हॉटेलात ही बाई त्या वेळी बुफेच्या रांगेत उभी असती.

आणि तुमच्या त्या टूरचं व्हेनिस! बस त्रोंकेत्तोच्या बसतळावर, तिथून बोटीत कोंबून सान मार्कोच्या मुख्य चौकात, काच फुंकून दाखवणारा माणूस, नव्वद युरोत अर्ध्या तासाची गोंडोला, कबुतरांसोबत फोटो, चार वाजता परत बोटीत. मग घरी येऊन सांगायचं, "काही नाही हो व्हेनिसला, नुसती गर्दी आणि वास." अहो, अख्खं जग त्याच वेळी त्याच चौकात आणून ओतल्यावर दुसरं काय दिसणार? पाच-सहानंतर थांबलात कधी? सांता मार्गेरिताच्या चौकात शाळा सुटलेली पोरं फुटबॉल बडवत असतात, आज्या बाकांवर बसून त्यांच्यावर ओरडत असतात. आई त्यांच्यातच जाऊन बसायची. भाषा शून्य, पण गुडघेदुखी दोन्हीकडे सारखीच.

गुडघ्यांवरून आठवलं. दादा, काकूंच्या गुडघ्यांचा विचार केलास? रोज हॉटेल ते स्टेशन, ट्रेन, मग बोट, मग पायपीट, आणि दुपारी पाठ टेकायची म्हटली तर सोय नाही. आई जेवून खोलीवर येऊन तासभर आडवी व्हायची, म्हणून तर तिला संध्याकाळ मिळाली. बुकिंगच्या साइटवर "सान मार्कोपासून अमुक मीटर" लिहिलेलं असतं, त्याला काडीचा अर्थ नाही. चारशेच्या वर पूल आहेत त्या गावात, आणि बहुतेकांना पायऱ्या. विचारायचं एवढंच की बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती? का' रेत्सोनिकोच्या थांब्यावर उतरून सान बार्नाबाच्या चौकापर्यंत एकही पूल नाही. आईची बॅग मी एका हाताने ओढत नेली.

टूरने जाणाऱ्यांवर माझा राग नाही हं. माझे सासू-सासरे तसेच गेले होते, आणि परक्या मुलखात वेळेवर वरण-भात मिळाला याचंच त्यांना केवढं अप्रूप. राग आहे तो माहितीपत्रकावर "व्हेनिस 2 रात्री" छापून माणसं महामार्गाच्या कडेला उतरवणाऱ्यांवर. व्हेनिस छापता ना, मग व्हेनिसमध्ये ठेवा की!

आता कोणीतरी येईलच सांगायला, की पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅट्समुळे तिथली माणसं हुसकली गेली. खरंय. 1951 मध्ये बेटावर पावणेदोन लाख लोक राहायचे, आता पन्नास हजारही नाहीत. मग फ्लॅट नका घेऊ, गेस्टहाऊस घ्या, मालक त्याच घरात राहतोय का तेवढं बघा. पण यावर उपाय म्हणून सगळ्यांनी मेस्त्रेला झोपून रोज सकाळी लोंढ्याने पूल ओलांडायचा, हे काही मला पटत नाही.

दादा, तू हे वाचतोयस, मला ठाऊक आहे. सान मार्कोजवळचं परवडत नसेल तर सांत'एलेना बघ. बेटाच्या पूर्वेच्या टोकाला आहे, झाडं आहेत, बाग आहे, 1 क्रमांकाच्या मार्गाची बोट थेट तिथे जाते. हवी तर एक रात्र कमी कर. आणि मेस्त्रेचं बुकिंग फुकट रद्द करायची मुदत कधीपर्यंत आहे, ते आज रात्रीच बघ.