बाळाच्या कानाची पाळी उलटून रंग बघणाऱ्यांसाठी

आज दुपारी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, व्हिडिओ कॉल आला. लेक बाल्कनीत चटईवर बसून डबे वाजवत होती. 8 महिन्यांची आहे, आत्ता कुठे आधाराशिवाय नीट बसायला लागलीय. अप्पा दोन मिनिटं तिच्याशी बोबडं बोलले आणि मग एकदम मला म्हणाले, "अगं, ऊन येतंय तिथं. आत घे तिला, काळवंडेल. आधीच माझ्यावर गेलीय म्हणतात सगळे."

मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. सासरची काही माणसं यादीत आहेत, वाचतील. वाचू देत.

पहिली खेप, म्हणून बाळंतपण माहेरी, बार्शीला झालं. बाराव्या दिवशी बारसं. अप्पांनी आठवडाभर नुसती धावपळ केली होती. दारात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, डोंबिवलीहून दोन गाड्या भरून येणाऱ्या माणसांचे आहेर, सगळं त्यांनी स्वतः केलं. पाहुणे आले, चहापाणी झालं आणि नवऱ्याच्या आत्याबाईंनी लेकीला मांडीवर घेतलं. टोपडं सरकवलं. दोन बोटांत कानाची पाळी धरून उलटवली, उजेडाकडे केली आणि निरखून बघितली. "आत्ता गुलाबी दिसतेय, पण खरा रंग इथं कळतो. ही सावळी होणार. इकडच्या आजोबांवर गेली." मग माझ्या आईकडे वळून, "विहीणबाई, दुधातून केशर दिलं नव्हतं का हिला?"

सगळ्या बायका हसल्या. अप्पा घुगऱ्यांची परात घेऊन तिथंच उभे होते. तेही हसले. "आमचा रंग पक्का आहे हो, धुतला तरी जात नाही," म्हणाले. मांडवात कुणाला अवघडायला नको म्हणून स्वतःच बोलले आणि परात पुढे केली.

मी पाळण्याशेजारी बसले होते, नवी साडी, डोक्याला स्कार्फ, कानात कापूस. काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा राग मला आजही येतो.

बारा दिवसांच्या बाळाचं काय बघता हो तुम्ही? रंग नीट ठरायलाच कितीतरी महिने जातात. नाक सगळ्याच बाळांचं बसकं असतं, उगाच मालीशवाल्या बाईला "जरा ओढा" म्हणून सांगता. 23 गुणसूत्रं माझी, 23 त्याची, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्यातली कुठली यायची हे ना माझ्या हातात, ना त्याच्या, आणि केशराच्या तर नाहीच नाही. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, माहीत आहे मला. पण ज्यांना सांगायला हवं ते सगळे शिकलेले आहेत, पोटापाण्याला लागलेले आहेत, आणि तरी कानाची पाळी उलटतात.

तेव्हापासून आमच्याकडे वाटणी चालू आहे. शांत झोपली की बापाच्या वळणावर. रडली की आईचा हट्टीपणा. बोटं लांब, ती आत्याची. शी झाली नाही की "तुमच्याकडे असतो का गं हा त्रास?" दोन दात आले, तेही आमच्याकडे लवकरच येतात म्हणे. जे चांगलं ते तिकडचं आणि जे खटकतं ते माझ्या माहेरचं. या वाटणीत अप्पांच्या वाट्याला फक्त रंग आला. तोही तक्रार म्हणून.

माझी आईसुद्धा करते हे, मान्य. "कपाळ आपल्याकडचं" हे तिनं पहिल्याच दिवशी म्हणून घेतलं. तिलाही सांगितलंय मी.

आणि अप्पांचा रंग म्हणजे काय ते मी सांगते. 31 वर्षं त्यांनी एसटी चालवली. बार्शी डेपो. मे महिन्यात, दुपारच्या फेरीला, खिडकीशी. त्यांचा उजवा हात डाव्या हातापेक्षा काळा आहे, कोपरापासून खाली अगदी रेघ मारल्यासारखा. लहानपणी मी दोन्ही हात शेजारी ठेवायला लावायची आणि हसायची. त्या उजव्या हातावर माझं कॉलेज झालं, लग्न झालं, त्या दिवशीचे आहेरसुद्धा त्याच हाताचे. आणि त्यांच्या दारात, त्यांच्या मांडवात बसून तुम्ही त्यांच्या नातीच्या कानात तो रंग शोधता?

दवाखान्यात नर्स म्हणाली होती, "पितृमुखी कन्या सुखी." मी अगदी अप्पांच्या तोंडावळ्याची आहे. तेच नाक, तोच रंग. लहानपणी हेच वाक्य मला कौतुकानं ऐकवलं गेलं. मग तोच तोंडावळा माझ्या लेकीच्या वाट्याला आला की तिथं खोट कशी झाली?

आठवीत असताना मी अप्पांकडे गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब मागितली होती. वर्गातल्या सगळ्या मुली लावायच्या. ते पुण्याची फेरी करून आले तेव्हा खाकी शर्टाच्या खिशातून काढून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली, काही न बोलता. 2020 मध्ये त्या क्रीमचं नाव बदललं तेव्हा मला हेच आठवलं होतं. मुलीनं आपल्यासारखं दिसू नये म्हणून मागितलेली वस्तू बापानं आणून दिली. त्या वयात मला हे कळलं नाही. आज फोनवर ते "काळवंडेल" म्हणाले तेव्हा कळलं.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. सासूबाईंबद्दल लिहायलाच हवं. आम्ही डोंबिवलीला आल्यावर पहिले तीन महिने त्या रात्री दोन-दोनदा उठल्या, मला झोपवून लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. अळिवाचे लाडू त्यांनीच केले. सासरे 2019 मध्ये गेले. लेक पहिल्यांदा डोंबिवलीला आली तेव्हा सासूबाईंनी तिची हनुवटी बोटानं उचलली आणि म्हणाल्या, "ह्यांचीच." मग बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मला विचाराल तर ती हनुवटी माझ्या मामाची आहे. पण मी काही बोलले नाही, यापुढेही बोलणार नाही. ती हनुवटी त्यांची. गेलेल्या माणसाचा चेहरा बाळात शोधणं वेगळं, ते मला समजतं. पण जिवंत माणसासमोर त्याचंच रूप खोट म्हणून दाखवायचं हे मला कधीच समजणार नाही.

नवरा म्हणतो, आत्या जुन्या वळणाची आहे, मनात काही नसतं. नसेल. पण माझ्या वडिलांच्या मनात राहिलंय ना! उष्टावणाचे फोटो आज परत काढून बघितले. मामानं खीर भरवली, दोन्ही आज्या आहेत, काका आहे, शेजारच्या काकूसुद्धा आहेत. अप्पा प्रत्येक फोटोत कडेला. एकात तर लेक त्यांच्याकडे झेपावतेय आणि ते तिला माझ्याकडे देतायत. त्या दिवशी "तुम्ही घ्या आधी" म्हणत होते, मला वाटलं पाहुण्यांना मान देतायत.

आत्याबाई, पुढच्या महिन्यात तुम्ही आणखी एका बारशाला जाणार आहात. तिथं तरी कानाला हात लावू नका. मी येणार आहे, आणि या वेळी गप्प बसणार नाही.

मघाशी मी अप्पांना परत फोन केला. म्हटलं, शनिवारी येतोय आम्ही. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला तुम्हीच फिरवून आणायचं, रोज, डेपोपर्यंत. आणि फोटो काढायचा, तुम्ही मध्ये, ती तुमच्या कडेवर.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "टोपी तरी घालू ना तिला?"

घाला म्हटलं.