‘ॲडव्हर्ब खोडा’ हा सल्ला इंग्रजी शिकणाऱ्यांनी पाळू नये

इंग्रजी लिखाण सुधारण्याच्या युक्त्या सांगणारा एक मजकूर विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सतत फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: शेवटी ‘ली’ असलेला प्रत्येक शब्द खोडा, ‘व्हेरी’ कायमचा बंद करा, ॲडव्हर्बऐवजी, म्हणजे क्रियाविशेषणाऐवजी, दमदार क्रियापद घाला, अर्थ तसूभरही बदलत नाही आणि मोठे लेखक हेच सांगतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं हे मनापासून पाळतात आणि त्यांचं चांगलं वाक्य लंगडं होतं. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘ॲडव्हर्ब काढला तरी अर्थ तोच राहतो.’

हा दावा सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तोच घेऊ. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत नेहरूंनी केलेलं भाषण आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं. त्याच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की नियतीशी केलेली प्रतिज्ञा आता आपण पुरी करणार आहोत, ‘नॉट होल्ली ऑर इन फुल मेझर, बट व्हेरी सबस्टॅन्शली’. संपूर्णपणे नव्हे, पण बऱ्याच मोठ्या प्रमाणात. आता सल्ल्याप्रमाणे पेन चालवा. ‘होल्ली’ गेला, ‘व्हेरी’ गेला, ‘सबस्टॅन्शली’ गेला. उरलं काय? ‘आपण प्रतिज्ञा पुरी करणार आहोत.’ देशाची फाळणी होत असताना एवढंच म्हणणं खरं ठरलं नसतं. त्या वाक्याचा प्रामाणिकपणा त्या तीन शब्दांत आहे.

कायद्याची भाषा बघा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘डिसऑनेस्टली’, ‘फ्रॉड्युलंटली’ आणि ‘व्हॉलंटरिली’ या तीन ॲडव्हर्बच्या स्वतंत्र व्याख्या होत्या, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही त्या ठेवल्या आहेत. चोरीची व्याख्याच ‘डिसऑनेस्टली’वर उभी आहे. शेजाऱ्याची छत्री आपली समजून उचलली तर ती चोरी नाही. लबाडीने, म्हणजे गैरलाभ मिळवण्याच्या किंवा दुसऱ्याचं नुकसान करण्याच्या हेतूने उचलली तर चोरी. हात तोच, छत्री तीच, आणि गुन्हा आहे की नाही हे एका ‘ली’वाल्या शब्दावर ठरतं.

रोजच्या लिखाणातही हेच. ‘द रिपोर्ट इज प्रॉबॅब्ली नॉर्मल’ आणि ‘द रिपोर्ट इज नॉर्मल’ ही दोन वाक्यं ऐकून पेशंटच्या घरचे वेगवेगळे वागतील. परदेशी शिकायला जाणारे देतात त्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या ॲकॅडेमिक प्रकारात, पहिल्या लेखी प्रश्नाला बहुतेक वेळा आलेख किंवा तक्ता येतो आणि त्याचं वर्णन किमान १५० शब्दांत करायचं असतं. तिथे विक्री ‘स्लाइटली’ वाढली की ‘शार्पली’, हे सांगितलं नाही तर आलेख बघितला तरी कशाला?

‘शेवटी ली असला की तो ॲडव्हर्ब.’

नाही. ‘फ्रेंडली’, ‘लोनली’, ‘कॉस्टली’, ‘एल्डरली’ ही विशेषणं आहेत. उलट ‘सून’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘अगेन’, ‘बॅक’ यांना ‘ली’ नाही, तरी ते ॲडव्हर्ब आहेत. ‘नॉट’सुद्धा त्यांच्यातच मोडतो. या गोंधळातून होणारं नुकसान वहीत रोज दिसतं: ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळपास काहीच करत नाही. बायोडेटात ‘आय वर्क हार्डली’ लिहिणारा मुलगा मेहनती असतो, फक्त ‘हार्ड’ हाच ॲडव्हर्ब आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

शिवाय खरोखर खोडण्यासारखे कितीतरी ॲडव्हर्ब या चाळणीतून निसटतात. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’, ‘रिपीट अगेन’मधला बहुतेक वेळचा ‘अगेन’ फाजील आहे, पण त्यांना शेपूट नाही म्हणून नियम त्यांना हात लावत नाही.

‘ॲडव्हर्बऐवजी दमदार क्रियापद वापरा.’

यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. ‘शाउटेड लाउडली’मध्ये ‘लाउडली’ नको. ओरडणं मोठ्यानेच असतं. ‘सेड लाउडली’पेक्षा कित्येकदा ‘शाउटेड’ बरं. पण हे क्रियापद नेमकं ठाऊक असणाऱ्याने करायचं काम आहे. ‘आजोबा हळूहळू चालत बँकेत गेले’ हे लिहायचंय. ‘वॉक्ड स्लोली’ अगदी बरोबर आहे. यादीतून उचलून ‘स्ट्रोल्ड’ लिहिलं तर आजोबा मजेत फेरफटका मारायला निघाले, ‘ट्रज्ड’ लिहिलं तर थकून पाय ओढत, ‘लिंप्ड’ लिहिलं तर लंगडत. लिहिणाऱ्याला यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. साधं क्रियापद आणि साधा ॲडव्हर्ब ही जोडी वापरायला शिकणाऱ्याने मुळीच लाजू नये.

‘मोठे लेखक ॲडव्हर्ब वापरू नका म्हणतात.’

अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांचं ‘नरकाची वाट ॲडव्हर्बनी फरसबंद आहे’ या अर्थाचं वाक्य खरं आहे. ते लेखनकलेवरच्या त्यांच्या २००० सालच्या पुस्तकातलं आहे. पण तिथे त्यांचा मुख्य रोख कथा-कादंबरीतल्या संवादांवर, ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती तुच्छतेने म्हणाली’ अशा जोडांवर आहे, आणि आपणही हा नियम मोडतो हे ते तिथेच कबूल करतात. दुसरे अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिलेला नियम तर उघडउघड ‘सेड’ या एका क्रियापदापुरता आहे. कादंबरीकाराने कादंबरीकारांना दिलेला सल्ला फी परत मागणाऱ्या अर्जाला लावण्यात काय अर्थ आहे?

‘व्हेरी’बद्दल थोडक्यात: ‘व्हेरी युनिक’ टाळावं, ‘व्हेरी ओल्ड’ला काही हरकत नाही. मराठी मुलांची खरी अडचण वेगळी आहे. ‘मला खूप आवडतं’ हे मनात ठेवून ती ‘आय व्हेरी लाइक’ लिहितात. तिथे ‘व्हेरी’ खोडून भागत नाही, ‘आय लाइक इट व्हेरी मच’ शिकवावं लागतं.

त्या व्हायरल मजकुरात जागेबद्दल एक ओळही नसते, आणि आपल्या मुलांच्या बहुतेक चुका जागेच्या असतात. मराठीत ‘तिने पत्र काळजीपूर्वक वाचलं’ असं म्हणताना ॲडव्हर्ब कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये, क्रियापदाला खेटून बसतो. ती सवय इंग्रजीत नेली की ‘शी रेड केअरफुली द लेटर’ होतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला शिरू देत नाहीत: ‘शी रेड द लेटर केअरफुली’, किंवा ‘शी केअरफुली रेड द लेटर’. ‘ऑफन’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, ‘ही ऑफन कम्स लेट’; पण ‘इज’ असेल तर त्याच्या नंतर, ‘ही इज ऑफन लेट’. आणि ‘ओन्ली’ कुठे ठेवतो यावर तर अख्खी तक्रार फिरते. ‘ओन्ली आय पेड द फी ऑन मंडे’ म्हणजे बाकी कुणी सोमवारी भरली नाही. ‘आय पेड ओन्ली द फी ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी फी भरली, डिपॉझिट नाही. ‘आय पेड द फी ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे त्याआधी भरलीच नव्हती. अर्ज लिहिणाऱ्याने यातलं आपलं वाक्य कोणतं, ते आधी ठरवावं आणि ‘ओन्ली’ तिथेच ठेवावा.